डोळ्यांवर आलेली पाहुणी

१

त्या घरात सुजेला कोणी सूज म्हणत नसे. पाहुणी म्हणत. "आज पाहुणी आहे," एवढं म्हटलं की नवऱ्याने भांडी घासायची, लेकीने गडबड न करता खेळायचं आणि दुकानात निरोप जायचा, हे ठरलेलं. पाहुणी कधी हातावर यायची, कधी पायावर, कधी पोटात शिरून माणसाला गडाबडा लोळवायची. खाज नाही, लाली नाही, ताप नाही. नुसतं अंग फुगायचं, दोन-तीन दिवस तसंच राहायचं आणि फुगलं तसं ओसरून जायचं. रक्तातच काहीतरी कमी होतं म्हणे. आजीकडून ते आईकडे आणि मावशीकडे आलं, आईकडून तिच्याकडे. लाखात एखाद्या घरात असतं असलं दुखणं. "दुसरं काही नाही तर निदान ह्यात तरी आपण लाखात एक," असं मावशी म्हणायची.

तिला सगळे चष्मेवाली म्हणत. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, कडा नीट करायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "ही लोकांना बघायला लावते आणि मी लोकांना वर पोचवतो," हा त्याचा एकुलता एक विनोद, आणि तो लग्नाआधीपासून चालत आला होता. लेकीचं नाव भिंगरी. खरं नाव शाळेपुरतं. पाय एका जागी ठरत नाही म्हणून घरात भिंगरी.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी चष्मेवालीला केव्हाच बजावून ठेवलं होतं, घसा सांभाळा. बाकी सगळी सूज उतरते. घशातली उतरेपर्यंत माणूस थांबत नाही. हे तिला सांगायची गरज नव्हती. तिची आई घशातल्या सुजेनेच गेली होती. म्हणून फ्रीजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी, औषध भरलेल्या दोन सुया कायम ठेवलेल्या असत.

त्या सकाळी पाहुणी डोळ्यांवर आली. डाव्या डोळ्यावर ती पूर्वीही येऊन गेली होती, पण दोन्ही डोळ्यांवर एकदम कधी नाही. जाग आली तेव्हा तिला वाटलं, अजून उजाडायचंय. मग स्वयंपाकघरातून डब्यांची झाकणं वाजली, "माझा एक मोजा कुठाय?" ही लेकीची रोजची आरोळी ऐकू आली, आणि तिने हात चेहऱ्याकडे नेला. पापण्यांच्या जागी दोन गुळगुळीत, ताणलेल्या, गार उशा होत्या. पापण्यांचे केससुद्धा आत गाडले गेले होते.

"आलीय का?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"दोन्हीकडे."

"मग आज मी तुला देखणाच वाटणार."

ती हसली. हसताना पापण्या ठणकल्या.

भिंगरी गळ्याचं बटण लावून घ्यायला आली. ते बटण घट्ट होतं आणि ते आईनेच लावायचं, असा रिवाज होता. चष्मेवालीने चाचपडत तिची कॉलर धरली, बटण काजात घातलं. लेक एकदम मागे सरकली.

"आई, माझ्या गळ्याकडे अशी काय बघतेस?"

"अगं, मला दिसतंय कुठे!"

"मग तोंड तिकडे कर ना," भिंगरी म्हणाली आणि दप्तर ओढत पळाली.

दुकानात कळवायला तिने उशीशेजारचा फोन उचलला. तो तिच्या चेहऱ्याने उघडायचा, पण पाहुणीच्या दिवसांत कधीच नाही. एक ओठ जरी सुजला तरी त्याला ओळख पटत नसे; मग आकडे दाबावे लागत. तरी हाताची सवय. तिने फोन चेहऱ्यासमोर धरला.

टक.

तिने फोनलाच दुकानाचा नंबर लावायला सांगितलं, त्याने लावला, बोलणं झालं. फोन खाली ठेवल्यावर तिला आठवलं. फोन घेताना विकणाऱ्याने फुशारकी मारून सांगितलं होतं, "ताई, झोपेत कोणी तुमच्या तोंडासमोर धरला तरी हा उघडायचा नाही. ह्याला उघडे डोळे लागतात."

तिने फोन बंद केला आणि उशीसमोर धरला. काही नाही. भिंतीसमोर धरला. काही नाही. स्वतःसमोर धरला.

टक.

"कोणाशी खेळतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"फोन बिघडलाय," ती म्हणाली.

२

भुवईच्या मागे कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायला लागलं, तेव्हा नवऱ्याने तिला गाडीत घातलं. डोळ्यात असं दुखलं तर थांबायचं नाही, हेही सांगून ठेवलेलं होतं. बाहेरून सूज आली की आतल्या पाण्याची वाट अडते, डोळ्यातला दाब वाढतो, आणि दाब वाढत गेला तर नजर जाते ती जाते. चष्मेवालीला नजर जाण्याची भीती फार जुनी होती. ज्याच्या हाताला काच कळते, त्याला अंधारही जरा जास्तच कळतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तिच्या ओळखीच्या होत्या. त्यांचे कितीतरी पेशंट चष्म्यासाठी दुकानात यायचे. बाई मोकळ्या, बोलक्या. खुर्ची वर घेताना, हनुवटी पट्टीवर टेकवताना त्या एकसारख्या बोलत होत्या. "आता जरा गार लागेल. पापणी उचलायला एक चिमटा लावतेय. दुखलं तर ओरडा, माझ्या नवऱ्यासारखं मनात ठेवू नका."

गार धातू पापणीच्या कडेला लागला. पापणी जड दारासारखी वर उचलली गेली. तिच्यापुढे नुसता धुरकट उजेड आला, त्याभोवती रंगीत कडी.

बाई बोलायच्या थांबल्या.

घड्याळ ऐकू यायला लागलं. बाहेर कोणीतरी खोकलं. मग दुसऱ्या डोळ्याला तोच गार स्पर्श.

"तुम्ही आत्ता कुठे बघत होता?" बाईंनी विचारलं.

"मी? कुठेच नाही. मिटलेलेच होते की."

"हो. बरोबर." कागद चाळल्याचा आवाज. "घरी कुठले थेंब घातले होते?"

"नाही हो."

"दाब वाढलाय. पण लवकर आलात, वाचेल. थेंब देते. एक औषध मात्र आत्ता नाहीये आमच्याकडे, दुपारी येईल, ते मागवून घ्या. आणि तुमच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलले मी, एक सुई आत्ताच घ्या म्हणाले." एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी होते, हे तुम्हाला माहीतच आहे. पापणीखाली अंधारच. आणि दाब वाढला की ती आणखी पसरते. मी पापणी उचलली तेव्हा मला मोठी बाहुली दिसायला हवी होती."

"मग?"

"टाचणीच्या डोक्याएवढी होती. दोन्हीकडे. लख्ख उन्हात उभ्या असलेल्या माणसासारखी."

"असं कशाने होतं?"

"थेंबांनी होतं," बाई म्हणाल्या. "पण थेंब तर तुम्ही घातलेलेच नाहीत."

गाडी घराजवळ आल्यावर नवरा म्हणाला, "एक गंमत बघ. तुझा डोळा उघडला आणि त्या बाईंनी मध्येच कोटाचं वरचं बटण लावून घेतलं. एवढं उकडत होतं त्या खोलीत."

३

दुपारी मावशी आली. नवऱ्याला कामावरून फोनावर फोन येत होते; कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत माणसं होती. "जा तू," चष्मेवाली म्हणाली, "मावशी आहे."

मावशी म्हणजे घरातला रेडिओ. जिना चढायला लागली की तिसऱ्या मजल्यावर बातम्या ऐकू यायच्या. पाहुणी तिच्याकडेही यायची, पण हातापायांवर, फार तर पोटात. "माझं तोंड तिला आवडत नाही," असं ती सांगायची. आज मात्र ती दारात आली, "आलेय गं," म्हणाली आणि थांबली. चपला काढल्याचा आवाज आला. पुढे पाऊल वाजलं नाही.

"मावशी?"

"दोन्ही का?" मावशीने विचारलं.

"ह्याने फोनवर सांगितलं नाही तुला?"

"डोळा म्हणाला होता. दोन्ही म्हणाला नव्हता."

मग तिने सूप गरम केलं, वाटी आणली, खुर्ची ओढली. चष्मेवाली तोंड उघडून वाट बघत राहिली, आणि चमचा उजव्या बाजूने आला. ओठाच्या कोपऱ्याला आपटला, थोडं सूप हनुवटीवर ओघळलं. पुढचा घासही बाजूने. तिने मान उजवीकडे वळवली. खुर्ची करकरली, आणि पुढचा घास डावीकडून आला.

"अगं, समोर बस ना. नीट भरव."

"इथे बरंय. पंख्याचा वारा लागतो."

चष्मेवालीने कान दिला. पंखा चालू नव्हता.

४

"आज भिंगरीला मी माझ्याकडे नेते," मावशी वाटी घासता घासता म्हणाली.

"कशाला? तिचं सगळं सामान इथे आहे."

"सामान काय, देते मी. दोन दिवस राहील. तुझी उतरेपर्यंत."

"मावशी, तू माझ्यासमोर का बसत नाहीस?"

नळ बंद झाला. मावशी आत आली आणि पलंगाच्या उशाकडच्या बाजूला, चष्मेवालीच्या मागे, टेकली. तिचा हात खांद्यावर आला.

"तुझ्या आईचे डोळे असेच मिटले होते," ती म्हणाली. "दोन्ही. एकदाच."

"मला नाही आठवत."

"कसं आठवणार? एवढीशी होतीस. तू तिच्या मांडीवर चढायला जायचीस आणि ती तुला ढकलायची. मला राग आला. म्हटलं, ताई, लेकरू आहे ते. तर म्हणाली, घेऊन जा हिला. ती हिच्या गळ्याकडे बघतेय. मी म्हटलं, ती म्हणजे कोण? बोलली नाही. मी तुला शेजारी ठेवून आले. परत येऊन बघते तर ताई आरशासमोर खुर्ची ओढून बसलेली. डोळे गच्च मिटलेले, आणि आरशासमोर! मी म्हटलं, काय बघतेस बाई? म्हणाली, मी नाही बघत."

रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"आणि दुसऱ्या दिवशी?" चष्मेवालीने विचारलं, जरी तिला माहीत होतं.

"दुसऱ्या दिवशी ताई नव्हती."

"मावशी, तिच्या घशात सूज आली. तेव्हा सुया नव्हत्या, औषधं नव्हती. आरशाने काय होतंय?"

"मी कुठे म्हणतेय आरशाने झालं? मी आपलं जे झालं ते सांगितलं." मावशी उठली. जरा वेळाने, पायात चपला सरकवताना, सहज आठवल्यासारखी म्हणाली, "आणि पाहुणी नव्हे गं ते. आजी पाहुणी म्हणायची नाही. पाहणी म्हणायची. 'आज पाहणी आहे.' आम्ही पोरी लहान, पाहणी म्हणजे काय ते कुठे कळतंय? आम्ही पाहुणी म्हणायला लागलो. मग मोठ्यांनाही तेच बरं वाटलं."

ती भिंगरीला शाळेतून परस्पर घेऊन जाणार होती आणि जाता जाता डॉक्टरीणबाईंकडचं औषध खालच्या दुकानात ठेवणार होती. बाहेर पडताना तिने दाराला नुसता खटका लावला.

५

घर रिकामं झालं की त्याला स्वतःचे आवाज फुटतात. फ्रीज गुरगुरला आणि थांबला. न्हाणीघरात थेंब पडत होता. चष्मेवाली पलंगावर बसून स्वतःची समजूत घालायला लागली.

सूज आली म्हणजे चेहऱ्याचा आकार बदलतो. फोनची गफलत होऊ शकते. बाहुली लहान का झाली, त्याला डॉक्टरीणबाईंना ठाऊक नसलेलं काहीतरी कारण असेल. डॉक्टरांना सगळंच कळतं असं थोडंच आहे? मावशी घाबरट. पाल चुकचुकली तरी ती बाहेर जायचं टाळते. आणि आई मरणाच्या दारात होती, काहीतरी बरळली असेल. एकेक काच घासून फ्रेममध्ये बसवावी तशी तिने प्रत्येक गोष्ट बसवली. सगळ्या बसल्या. एकच बसेना. मावशीने आईचे शब्द सांगितले ते आत्ता, दुपारी. आणि भिंगरी तिला गळ्याबद्दल बोलली होती सकाळी.

लेक आता मावशीकडे जाणार, हे तेवढं बरं झालं. पण सकाळी ती अगदी पुढ्यात उभी होती. कॉलर धरून, बटण लावेपर्यंत.

चष्मेवाली उठली. भिंतीला हात लावत लावत कपाटापाशी गेली. कपाटाच्या दारावर पुरुषभर उंचीचा आरसा होता. तिने खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्यासमोर बसली. आपण हे का करतोय, हे तिने स्वतःला विचारलं नाही. आईने केलं होतं, एवढं पुरे होतं. बघायचंच असेल तर माझ्याकडे बघ, असं काहीसं ती मनात म्हणाली, आणि ते म्हणताना तिला लाजही वाटली. शिकलेली बाई, स्वतःच्या सुजेशी बोलतेय.

काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. आरशाचा थंडपणा तेवढा चेहऱ्याला जाणवत होता.

मग पापण्यांखाली डोळे हलले.

ते तिने हलवले नव्हते. झोपेत स्वप्न पडताना हलतात तसेही नव्हते. ते सावकाश, दोन्ही मिळून, उजवीकडे गेले आणि तिथे थांबले. तिने ते परत समोर आणायचा प्रयत्न केला. ते आले नाहीत.

तिने डाव्या पापणीवर दोन बोटं ठेवली, जोर लावला आणि फट पाडली. कळ मस्तकात गेली. धुकं, रंगीत कडी, आणि त्यात हळूहळू गोळा होत गेलेला तिचा स्वतःचा चेहरा. डावीकडे तिची बोटं, बोटांमध्ये लाल चीर. उजवीकडचा डोळा उघडा होता. त्या बाजूला सूज नव्हतीच. स्वच्छ, कोरडा, टक्क उघडा डोळा, आणि त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होता.

तिने मोकळा हात उचलून उजव्या पापणीवर बोट टेकवलं. बोटाखाली गार, ताणलेली सूज लागली. आरशात तेच बोट उघड्या डोळ्याच्या ऐन बुबुळावर टेकलेलं होतं.

डोळा लवला नाही.

आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हलकी, एकेक पायरी थांबत येणारी. दाराचा खटका निघाला.

६

"आई." आवाज भिंगरीचा होता आणि नव्हताही. घोगरा, आतून दाबल्यासारखा. "शाळेतल्या बाईंनी घरी पाठवलं. मैत्रिणीची आई खालपर्यंत आली होती. माझ्या घशात काहीतरी अडकलंय."

चष्मेवालीने पापणी सोडली, खुर्ची उलथून पडली. ती आरशाकडे पाठ करून उभी राहिली आणि मग तिला कळलं की आता आपलं तोंड लेकीकडे आहे. तिने खांद्यावरची ओढणी तोंडावरून घेतली, मागे गाठ मारली आणि आवाजाच्या दिशेने धावली.

"गिळता येतंय?"

"दुखत नाहीये. नुसतं जात नाहीये."

दुखत नाही, लाल नाही, ताप नाही. तिने लेकीच्या मानेला हात लावला. बाहेरून काही कळत नव्हतं. आत श्वास बारीक शिट्टीसारखा वाजत होता.

"फ्रीजचं दार उघड. लोण्याजवळची सुई आण. पळ."

एक सुई सकाळी संपली होती. उरलेली भिंगरीने तिच्या हातात दिली. मोठ्या डॉक्टरांनी कधीतरी सहज म्हणून ठेवलं होतं, लेकीला कधी गरज पडलीच, तर अर्धी. अर्धी म्हणजे किती, हे नळीवरच्या रेघेवर लिहिलेलं. आणि ती रेघ तिला दिसणार नव्हती. ओढणी काढून पापणी उघडली असती तर कदाचित दिसली असती. तिने ती काढली नाही.

"भिंगरे, ऐक. मी सुई टोचते. तू रेघेकडे बघ. औषध मधल्या रेघेपर्यंत आलं की मला थांबव. बोलू नकोस, हातावर मार."

तिने लेकीचं पोट चिमटीत धरलं. बोटांना काम आलं की ती शहाणी होतात. सुई गेली. तिने दट्ट्या हळूहळू दाबायला सुरुवात केली. भिंगरीचा श्वास वाजत होता. दाबत गेली, दाबत गेली, आणि मनगटावर लेकीच्या हाताची चापटी बसली.

तेव्हाच तिला तिच्या स्वतःच्या जिभेखाली ते ओळखीचं जडपण जाणवलं. घोट घेतला, तो उतरला नाही. तिने उरलेलं औषध स्वतःच्या पोटात टोचलं. ते तिच्यासाठी पुरेसं नव्हतं.

"बाबांना फोन," ती म्हणाली. शब्द अर्धेच बाहेर आले. "गाडी बोलाव."

"फोन तुझ्याच चेहऱ्याने उघडतो," भिंगरी रडत म्हणाली.

चष्मेवालीने मान हलवली. नाही. तिने जमिनीवर बोटाने एकेक आकडा काढून दाखवला आणि भिंगरीने तो दाबला. मग ती लेकीला पाठीमागून मिठीत घेऊन बसली. दोघींची तोंडं एकाच दिशेला, रिकाम्या भिंतीकडे. लेकीच्या घशातली शिट्टी हळूहळू मोकळी होत होती. स्वतःच्या घशाचा आवाज तिला येईनासा झाला होता.

७

ती शुद्धीवर आली ती हॉस्पिटलात. गळ्याला समोरून भोक पाडून नळी घातली होती. डोळे उघडत होते. पहिला दिसला तो नवरा, दाढी वाढलेला, खुर्चीत मान टाकून झोपलेला. तिने त्याला हात लावला तेव्हा तो दचकून उठला, आणि त्याने त्याचा तो विनोद केला नाही. पुढेही कधी केला नाही.

भिंगरी बरी होती. तिला दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं होतं.

मोठे डॉक्टर येऊन गेले. त्यांच्याकडे सगळ्याचं उत्तर होतं. ह्या दुखण्यात पहिला झटका अशाच वयात येतो. आईला असलं की लेकरात उतरायची शक्यता निम्मी. ताण आला, भीती वाटली की झटका उफाळतो. तुम्ही घाबरलात, म्हणून तुमचा घसा. दृष्टीच्या नसेवर दाब आला की माणसाला नाही नाही ते दिसतं. "अर्धी सुई देण्याचं डोकं मात्र तुमचं," ते कौतुकाने म्हणाले. "डोळे मिटलेले असताना कसं जमलं?" नळीमुळे तिला बोलता येत नव्हतं. ते बरंच झालं.

मावशी आली ती पायाशी उभी राहून रडली. शाळेच्या फाटकात ती भिंगरीची वाट बघत राहिली होती आणि भिंगरी मागच्या दाराने केव्हाच निघाली होती. चष्मेवालीने तिला खुणेने जवळ बोलावलं. मावशीने आधी तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं, दोन्ही पुरते उघडे आहेत ह्याची खात्री केली, आणि मगच पुढ्यात येऊन बसली.

भिंगरीच्या रक्ताचा अहवाल आला. आईच्या रक्तात जे कमी होतं, तेच तिच्याही कमी होतं.

नळी निघाली, भोक भरून आलं. आवाज थोडा फाटका राहिला. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, सर्दी झालीय का? काचा घासणं सुरू झालं. सुयांचा साठा आता फ्रीजमध्ये, दुकानात, शाळेतल्या बाईंच्या कपाटात, सगळीकडे होता. सगळं मार्गी लागलं होतं, असं नवरा म्हणायचा. भिंगरीच्या हातावर एकदा पाहुणी येऊन गेली, एकदा पावलावर. दोन्ही वेळा पोरगी बाहुल्यांना घेऊन शांत पडून राहिली.

मग एका सुट्टीच्या सकाळी नवरा तिला उठवायला आला. नुसता दारात उभा राहिला. ती समजली.

भिंगरी तिच्या पलंगावर बसून होती, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत फुगवटे. एवढ्याशा चेहऱ्यावर ते फार मोठे दिसत होते.

"डॉक्टरीणबाईंना फोन कर आणि गाडी काढ," चष्मेवाली म्हणाली. "आणि तोवर आत येऊ नकोस."

"का?"

"सांगितलं ना, येऊ नकोस."

त्याने बायकोकडे बघितलं, तिच्या गळ्यावरच्या व्रणाकडे बघितलं आणि तो मागे सरला. तिने दार लावून घेतलं. खुर्ची ओढली, लेकीच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली आणि बसली.

"आई, तू आहेस का?"

"इथेच आहे, राणी. तोंड इकडे कर. माझ्याकडे."

"मला काही दिसत नाहीये."

"माहितीये मला. तू नुसतं तोंड इकडे ठेव."

खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाहेर नवऱ्याचा फोनवरचा आवाज, खाली कोणीतरी गाडी धुतंय त्या पाण्याचा आवाज. भिंगरीच्या ताणलेल्या पापण्यांखाली काहीतरी हललं. सावकाश डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, दारापाशी जरा रेंगाळलं, सगळी खोली न्याहाळून परत आलं, आणि समोर येऊन थांबलं.

भिंगरीला त्यातलं काही कळलं नव्हतं. ती पायाची बोटं हलवत, कुठलंसं गाणं गुणगुणत होती.

चष्मेवालीने लेकीचे दोन्ही हात हातात घेतले, आणि गळा पुरता दिसेल अशी स्वतःची हनुवटी वर उचलली.